डेअस एक्समध्ये एका सेलवर भागवा

'डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन' (२०११) हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची बेळगावातही एकच रड: पहारेकरी समोर आणि बॅटरी रिकामी. प्रत्येक टेकडाउनला, म्हणजे जवळ जाऊन शत्रूला एका झटक्यात लोळवण्याला, बॅटरीचा एक सेल जातो. मूळ आवृत्तीत शेवटचा सेल आपोआप भरतो, बाकीचे मात्र एनर्जी बार खाल्ल्याशिवाय नाही. म्हणून बार राखून ठेवा, त्या एकाच सेलवर काम काढा.

१. एकटा पडलेला पहारेकरी गाठून बेशुद्ध करा. ठार मारण्यापेक्षा यात एक्सपी (अनुभवाचे गुण) जास्त मिळतात.
२. त्याला लगेच ओढत आडोशाला न्या. साथीदाराला सापडला तर तो त्याला उठवतो, मग सगळे शोधायला निघतात.
३. व्हेंटमध्ये (हवेच्या झरोक्याच्या बोगद्यात) बसून सेल भरू द्या. कंटाळवाणं आहे खरं, पण तेवढ्यात बाकीच्यांची गस्त पाठ होते.
४. सेव्ह करा, पुढचा गाठा.

सेव्ह दर वेळी नव्या स्लॉटमध्येच. पावसाळ्यात खानापूरकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. सेव्ह होतानाच गेली आणि फाइल बिघडली, तर आधीची हाताशी हवी.

बॉससमोर (मोठ्या, तगड्या शत्रूसमोर) मात्र ही युक्ती चालत नाही. तिथं लपून भागत नाही, गोळ्या शिल्लक ठेवूनच जा.