रिस्टोर केलेली एमजीबी विकताना या चुका टाळा

दोन-तीन वर्षं खपून उभी केलेली गाडी विकायला काढली की बहुतेक मालक आधी पॉलिशवाल्याला बोलावतात. पहिली चूक इथेच होते. घेणारा दर्दी असेल तर तो रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी दाराच्या फटी बघतो, वाकून दाराखालच्या सिलवरून हात फिरवतो आणि मग विचारतो, ‘कामाचे फोटो आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर रंग कितीही चकचकीत असला तरी किंमत तिथेच घसरते.

उदाहरण एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं घेतलं आहे. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे तिची प्रत्येक दुखरी जागा जाणकारांना पाठ आहे. ट्रायम्फ किंवा जुनी जॅग्वार असेल तर पार्टची नावं बदलतील, चुका त्याच राहतील.

सिल झाकणं

एमजीबीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते. त्यातला मोठा वाटा दाराखालच्या सिलचा. हे सिल पत्र्याच्या दोन-तीन थरांचं असतं आणि आतून सडतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच. स्वस्तातलं काम म्हणजे सडलेल्या थरावर बाहेरून नवा पत्रा वेल्ड करून वर पुटी भरणं. दोन पावसाळ्यांत ते उघडं पडतं.

गिऱ्हाईक हे असं तपासतो: दार उघडून गाडी जॅकवर चढवतो आणि दार पुन्हा लावून बघतो. दार अडलं किंवा मागची फट वरच्या बाजूला आवळली, तर सिलमध्ये दम उरलेला नाही. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटरही हल्ली अनेकांच्या खिशात असतं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, नीट रिपेंट केलेला 200 ते 300. आकडा हजाराकडे गेला की खाली पुटी आहे.

म्हणून विकण्याआधी घाईने अंडरबॉडी कोटिंग मारून घेऊ नका. काळा थर ताजा दिसला की काहीतरी लपवलंय असाच अर्थ निघतो. शिवाय त्याने सिलची पाणी जायची भोकं बुजतात आणि खरंच गंज धरतो. भोकं तारेने मोकळी करा, गाडी रॅम्पवर चढवून द्या, आणि फाइलमध्ये तारीखवार फोटो लावा: कापलेलं सिल, आतला पत्रा, प्रायमर, आत मारलेलं मेण. पुटी कुठे आहे ते आपणहून सांगा. मागच्या चाकावरच्या कमानीत थोडी पुटी असणं गुन्हा नाही, ती गिऱ्हाइकाने शोधून काढणं मात्र महागात पडतं.

इंजिन आधीच गरम करून ठेवणं

गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास गाडी चालू करून ठेवली की सेल्फ मारताच सुरू होते खरी. पण जाणकार आल्या आल्या रेडिएटरवर हात ठेवतो. त्याला थंड इंजिनच बघायचं असतं: चोक किती ओढावा लागतो, पहिला धूर कसला येतो, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज किती वेळ राहतो. टॅपेटची फट 0.015 इंच ठेवलेली असेल तर बारीक टकटक राहणारच. ती दोष नव्हे, तसं सांगून टाका.

इग्निशन चालू केल्यावर एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. तो थांबत नसेल तर पंपाच्या अलीकडे हवा ओढली जाते आहे, नाहीतर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल गळते आहे. हे आधी दुरुस्त करा, कारण हा आवाज ओळखणारा माणूस पुढे काहीच ऐकून घेत नाही.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचे, आकडे लिहून ठेवा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असावा. गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर चालताना 50 ते 80 पीएसआय आणि आयडलवर 10 ते 25 दिसायला हवा. हेडचं काम झालं असेल तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्याचं बिल फाइलमध्ये हवंच. 2000 सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे आणि मूळ ओतीव लोखंडाच्या सीट त्यावर हळूहळू झिजतात.

पेट्रोलचंही तसंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी त्यात फुगते, आतून सुटते आणि तिचे काळे कण नीडलमध्ये अडकतात. इंजिनखान्यातली आणि टाकीजवळची नळी इथेनॉल सोसणारी आहे का ते बघा. तीन महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल काढून ताजं भरा, मगच ट्रायल द्या.

वायरिंगबद्दल न सांगणं

1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे, आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. रिस्टोर करताना अनेक जण ते उलटवून एकच 12 व्होल्टची बॅटरी लावतात. नव्या मालकाच्या मिस्त्रीला हे ठाऊक नसेल तर तो पुस्तकात बघून उलटी जोडणी करतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळतं. बॅटरीच्या झाकणावर ठळक लिहा: ‘मायनस अर्थ’ किंवा ‘प्लस अर्थ’. नवा फ्यूज किंवा रिले बसवला असेल तर हाताने काढलेलं वायरिंगचं चित्रही चालेल, पण द्या.

तारेची चाकं आणि टायर

गाडी आधी पुढे, मग रिव्हर्समध्ये हलवताना मागून ‘टक्’ असा आवाज आला तर हबच्या स्प्लाइन (चाक धरून ठेवणारे दाते) झिजल्या आहेत. नवीन हब लागणार हे किमतीत धरा. तारा पेनाने वाजवून बघा, बद्द आवाज देणारी सैल आहे. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड गिऱ्हाईक वाचतोच: 2318 म्हणजे 2018 सालातला 23वा आठवडा. नक्षी जाडजूड असली तरी इतका जुना टायर ‘चांगला’ म्हणून विकू नका.

कागद: इथेच सौदे फिसकटतात

एमजीबीचा इंजिन नंबर ब्लॉकला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल, तर आधी आरटीओत नोंद बदलून घ्या, मगच जाहिरात द्या. आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री आणि कस्टम ड्युटी भरल्याचे कागद शोधा, भले ते तीन मालक मागचे असोत. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग आणि मूळ इंजिन नंबर असतो. ते आधीच मागवून ठेवा, बरेच वाद जन्मालाच येत नाहीत.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटली असतील तर 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण दोन अटी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, आणि ही गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. मूळपेक्षा वेगळं कार्ब्युरेटर किंवा पाच गिअरचा बॉक्स बसवलेला असेल तर तो फाइलमध्ये लिहा.

मुंबईत सर्रास होणारी चूक म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून देणं. आरटीओत तुमचं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्याकडेच मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. गिऱ्हाईक परराज्यातला असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते. फॉर्म पूर्ण भरा, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ पावतीवर लिहा.

पैशाचं थोडक्यात: एका व्यवहारात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होतो. कराबाबत गैरसमज मोठा आहे. खाजगी वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 1931 च्या एका फोर्ड टूररच्या प्रकरणात तो कर योग्य ठरवला, कारण मालकाने ती गाडी स्वतः वापरल्याचा पुरावा नव्हता. म्हणून पेट्रोलच्या पावत्या, सोसायटीचं पार्किंग, विमा, पीयूसी, रॅलीतल्या नोंदी जपा आणि सीएला आधी विचारा.

ट्रायल आणि ताबा

संध्याकाळी सहाला पेडर रोडवर ट्रायल देऊ नका. मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये सुस्थितीतली गाडीही तापते. रविवारी सकाळी साडेसहाला वरळीहून सी लिंक आणि परत, एवढं पुरे. ब्रेक एका बाजूला ओढत नाहीत ना, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) लागतो-सुटतो ना, हे त्यात कळतं. गिऱ्हाइकाचं लायसन्स आणि गाडीचा विमा आधी बघा. पावसाळा उलटून महिना झाला की विक्रीला काढा. जूनमध्ये भिजलेल्या कापडी हूडखाली कुठलीच गाडी चांगली दिसत नाही.

ताबा देताना सुटे पार्ट डब्यात चिठ्ठ्या लावून द्या. तारेच्या चाकांचे मधले नट ठोकायचा तांब्याचा हातोडा विसरू नका आणि ते नट उघडायची दिशा सांगा: डावीकडचे घड्याळाच्या उलट, उजवीकडचे घड्याळाप्रमाणे. चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या 40-50 किलोमीटरनंतर ते नट पुन्हा ठोकायचे असतात, हे कागदावर लिहून द्या.