तव्यावरचा कॅरॅमल टोस्ट, वर चक्का आणि आपलं डाळिंब

सकाळच्या गडबडीत गोड काहीतरी पाहिजे पण शिरा करायला टाईम नाही, असं असलं की फ्रूट टोस्ट एकदम बेस्ट. दहा-बारा मिनिटांत होतो आणि खाताना एखाद्या चांगल्या ठिकाणचं डेझर्ट खाल्ल्यासारखं वाटतं. पण बऱ्याच घरात हा टोस्ट एकदा होतो आणि परत होत नाही, कारण ब्रेड गिच्च होतो, खालून मऊ पडतो, उचलला की मधेच वाकतो आणि फळं ताटात. याचं कारण पाणी. फळात पाणी, दह्यात पाणी, गरम ब्रेड ताटात ठेवला की खाली वाफेचं पाणी. ही तिन्ही पाणी अडवली की टोस्ट शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतो, बाकी या रेसिपीत अवघड काही नाही.

दोन माणसांच्या चार स्लाइससाठी सांगते. चार जाड स्लाइस, साधारण 400 ग्रॅम दही, चार-पाच चमचे साखर, साजूक तूप, दोन वेलदोडे, चिमूटभर मीठ, एक मध्यम डाळिंब आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट. बस्स.

दह्याचं काम रात्रीच करून ठेवायचं. पातेल्यावर चाळणी, चाळणीत स्वच्छ ओला करून पिळलेला पंचा, त्यात दही ओतायचं, वरून पंचा दुमडायचा आणि सगळं तसंच फ्रीजमध्ये. दही बाहेर खुंटीला टांगायची आपली जुनी सवय आहे, थंडीत चालतं ते, पण एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा रात्रभर बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत इतकं आंबट होतं की कितीही साखर घाला, उपयोग नाही. फ्रीजमध्ये रात्रभरात 400 ग्रॅमचा साधारण निम्मा चक्का होतो. सकाळी त्यात दोन चमचे पिठीसाखर, वेलदोड्याची पूड आणि अगदी चिमूटभर मीठ घालून चमच्याने फेटायचं. मीठ विसरू नका, मिठाशिवाय तो नुसता गोड लागतो, मीठ घातलं की वेलदोड्याचा वास पण वर येतो. साखर श्रीखंडाएवढी घालायची नाही, कारण खाली साखरेचा थर असणार आहे आणि वर गोड फळ, त्यामुळे चक्का थोडा आंबटच पाहिजे.

आता डाळिंब. आपण सोलापूरची माणसं डाळिंब घेतो कधी, तर कुणाला बघायला दवाखान्यात जायचं असलं की. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागातनं ट्रकच्या ट्रक माल बाहेर जातो, 2016 साली सोलापूर डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, आणि आपल्या घरात मात्र नाश्त्याला डाळिंब नसतं. मला हे खरंच खटकतं. नेटवरच्या रेसिपीत ब्लूबेरी लिहिलेली असते म्हणून लोक ती शोधत फिरतात, महागडी छोटी डबी आणतात, आणि खाली मंडईत भगवा, म्हणजे डाळिंबाची भगवा जात, वाटे लावून ठेवलेला असतो. भगव्याचा दाणा लालभडक, मोठा आणि बी मऊ, दाताखाली कचकच करत नाही, म्हणून टोस्टवर तोच घ्या. बहार म्हणजे झाडाला फुलं धरायचा हंगाम. मृग बहाराचा माल साधारण हिवाळ्यात येतो, अंबे बहाराचा पावसाळ्यात, मधे हस्त बहाराचा, म्हणजे वर्षातला बराच काळ कुठला ना कुठला बहार चालूच असतो.

घेताना फळ हातात तोलून बघायचं. सारख्याच आकाराच्या दोन फळांतलं जे जड ते घ्यायचं, त्यात रस जास्त. एकदम गोल गरगरीत फळापेक्षा ज्याच्या अंगाला कडा पडल्यात, थोडं चौकोनी झाल्यासारखं वाटतं, ते तयार असतं कारण आतले दाणे भरून सालीला दाबत असतात. सालीवर नुसते ओरखडे असले तर काही बिघडत नाही, पण भेग पडलेलं किंवा दाबल्यावर बोट आत जाणारं नको.

सोलताना मधून कापायचं नाही, दाणे फुटतात, हात लाल, ओटा लाल आणि तो डाग निघता निघत नाही. वरचा मुकुट सुरीने गोल फिरवून झाकणासारखा काढायचा, आत पांढऱ्या शिरा दिसतात, त्या शिरांच्या रेषेवर सालीला वरून खाली हलक्या चिरा द्यायच्या, फक्त साल कापली पाहिजे, दाण्याला सुरी लागता कामा नये. मग अंगठ्याने फाका उघडायच्या, फूल उमललं असं दिसतं. पाण्याच्या मोठ्या भांड्यात बुडवून दाणे मोकळे करायचे, दाणे तळाला बसतात आणि पांढरा पापुद्रा वर तरंगतो, तो हाताने काढून टाकायचा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दाणे चाळणीत निथळून कोरड्या सुती टॉवेलवर पसरायचे आणि वरून हलकंच टिपून घ्यायचे. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, एक जुना मऊ झालेला यासाठीच ठेवा. ओले दाणे चक्क्यावर टाकले की पाच मिनिटांत गुलाबी पाणी सुटतं आणि रात्रभर दही निथळलं ते फुकट.

ब्रेड शक्यतो बेकरीतला न कापलेला आणा आणि बोटभर जाडीचे स्लाइस कापून घ्या, पातळ सँडविच ब्रेडला हे वजन पेलत नाही. एक दिवस शिळा असला तर उलट बराच, त्यातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. टोस्टर असला तरी इथं तवाच घ्यायचा कारण टोस्टरमध्ये साखर वितळून खाली गळते आणि जळते.

तवा मध्यम आचेवर तापवा. आधी स्लाइसची एक बाजू कोरडीच भाजायची, तूप नाही काही नाही, सोनेरी झाली की उतरवायची. आता न भाजलेल्या बाजूला तूप पसरा, कडेपर्यंत, आणि त्यावर प्रत्येकी अर्धा चमचा साखर सगळीकडे सारखी भुरभुरा, हाताने जरा दाबा म्हणजे चिकटून बसते. ही साखरेची बाजू तव्यावर खाली करून ठेवायची आणि गॅस थोडा बारीक. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच होत नाही असं वाटतं, मग कडेनं बारीक बुडबुडे दिसायला लागतात आणि वास बदलतो, आधी तुपाचा, मग भाजल्या साखरेचा. उलथणं हळूच सरकवून बघा, रंग विटकरी-सोनेरी झाला की लगेच काढा, साधारण दीड-दोन मिनिटं लागतात. साखर 160 अंशांच्या आसपास कॅरॅमल व्हायला लागते आणि तिथून करपायला फार वेळ लागत नाही, म्हणून या दोन मिनिटांत फोन उचलायचा नाही. साखरेऐवजी गूळ घालणार असाल तर बारीक किसून आणि आच अजून कमी, गूळ साखरेच्या आधी करपतो. चव मात्र गुळाची खोल लागते, मला केळ्याच्या टोस्टला गूळच आवडतो. वितळलेली साखर कातडीला चिकटते आणि चांगलंच भाजतं, त्यामुळे पोरांना या वेळी गॅसपासून लांब ठेवा.

तव्यावरून काढलेला टोस्ट ताटात नाही, जाळीवर ठेवायचा, साखरेची बाजू वर. जाळी नसली तर दोन वाट्या पालथ्या घालून त्यावर टेकवा, खालून हवा लागली पाहिजे. दोन मिनिटांत साखर थंड होऊन चिक्कीसारखी कडक होते. हा कडक थर आणि त्याखालचं तूप मिळून चक्क्यातला ओलावा ब्रेडमध्ये लवकर शिरू देत नाहीत, सगळी युक्ती इथं आहे. टोस्ट गरम असतानाच चक्का लावला तर साखर कडक होतच नाही आणि चक्का पण वितळून ओघळतो.

मग चक्क्याचा जाड थर, त्यावर डाळिंबाचे दाणे भरपूर, आणि सगळ्यात वर शेंगदाण्याचा कूट. कूट मिक्सरवर फिरवून पीठ करू नका, खलबत्त्यात जाडसर कुटा, खमंग भाजलेल्या शेंगदाण्याचं तेल सुटायला लागलं की थांबा. आपल्याकडं शेंगाचटणीसाठी दाणे कुटायची सवय असतेच, फक्त इथं लसूण-तिखट घालायच्या आधी थोडा बाजूला काढून ठेवायचा. पिस्ते-बदाम घातले तरी चालतात पण डाळिंबाच्या आंबटगोडाबरोबर शेंगदाणा लई भारी लागतो.

डाळिंब नसेल तेव्हा दुसरी फळं. द्राक्षं उभी अर्धी कापून, कापलेली बाजू टिपून घ्यायची. आंबा फोडी करून, रस नको. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली तर आयत्या वेळी चिरायची. केळं तव्यावर तूप-गुळात दोन्ही बाजूंनी परतून घेतलं तर काळं पडत नाही आणि चव दुप्पट. बार्शीकडचं सीताफळ मिळालं तर गर हाताने सोडवून चक्क्यातच कालवा, गरम करू नका, कडवट होतो, आणि बिया सगळ्या काढा, मिक्सर लावायचा मोह नको. अननस कच्चा घालायचा नाही, त्यातल्या एन्झाइममुळं दह्यातली प्रथिनं तुटतात आणि थोड्या वेळात चक्का कडू आणि पातळ होतो. अननसाच्या चकत्या तव्यावर नीट शिजवून घेतल्या की तो त्रास जातो. किवीचंही तसंच. कलिंगड मात्र कुठल्याच प्रकारे नको, ते नुसतं पाणी.

रात्री दही टांगायचं राहिलं तर साय आहेच. फ्रीजमधली घट्ट साय एक चमचा साखर घालून फेटा आणि तीच लावा. ती चक्क्यापेक्षा जड होते, त्यामुळे थर पातळ ठेवा आणि फळ आंबट निवडा.

डब्यात द्यायचा असेल तर भरलेला टोस्ट देऊ नका. टोस्ट पूर्ण गार करून एका डब्यात, चक्का आणि दाणे दुसऱ्यात, पोरं शाळेत स्वतः लावून खातात, त्यांना मजाच वाटते. उरलेले दाणे कोरडे असतील तर घट्ट डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. आणि चाळणीखाली पातेल्यात जमलेलं दह्याचं पाणी ओतून देऊ नका, त्यात दुपारची कणीक मळा, पोळ्या मऊ होतात, नाहीतर संध्याकाळच्या कढीत घाला.