मिरीचं कुळ ओळखताना या चुका टाळा

तिखट लागलं की टाकलं मिरीच्या कुळात, ही सगळ्यात कॉमन चूक. काळी मिरी, नागवेल, पिंपळी, कंकोळ ही खरी पिपरेसी, म्हणजे मिरीच्या कुळातली, आणि चौघीही एकाच पायपर वंशातल्या (genus). शिवाय कुंडीत शोसाठी लावतो तो पेपेरोमिया, तोही घरचाच, पण त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. उलट मिरची ही वांगी-बटाट्याच्या सोलॅनेसीतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ लिंबाच्या कुळातलं. आणि महागडी गुलाबी मिरी तर चक्क आंबा-काजूच्या.

मग ओळखायचं कसं, तर तुरा बघा. मिरीचा तुरा पानाच्या बेचक्यातून नाही तर पानाच्या बरोबर समोरून निघतो, लोंबती दांडी असते आणि तिला चिकटून इतकी बारीक फुलं की भिंग घ्यावं लागतं, ना पाकळ्या ना निदलं (पाकळ्यांबाहेरची हिरवी दलं), फक्त एक सहपत्र, म्हणजे फुलाखालचं चिमुकलं पान, आणि आत पुंकेसर-अंडाशय. मिरचीचं पांढरं फूल शेजारी ठेवलंत की विषयच संपला.

नागवेलीला मात्र आपल्याकडे तुरा सहसा दिसत नाही, तिथे लोक मनी प्लांटशी गोंधळ करतात. पान चुरगळून वास घ्या, खोडाचे फुगीर पेर बघा. मनी प्लांट अळूच्या कुळातला आहे, तो विड्यात घालू नका बरं का, घसा खाजेल! गजपिंपळी पण अळूवालीच, नावावर जाऊ नका.

बी.एस्सी.वाल्यांनो, पेपरात आधी वर्गीकरणाची पद्धत कोणती विचारलीय ते वाचा. बेंथम-हुकरच्या जुन्या पद्धतीत हे कुळ मोनोक्लॅमिडी या द्विदलांच्या गटात, म्हणजे द्विदलच. एपीजी या डीएनएवर आधारलेल्या नव्या पद्धतीत मात्र ते मॅग्नोलिइड्स या वेगळ्या गटात, पायपरेलीस गणात, तिथे ना एकदल ना खरं द्विदल. दोन्हीची खिचडी केलीत की मार्क गेले, आणि ती खिचडी दरवर्षी होते.

अजून एक, रानातून मिरीची वेल आणून पोफळीवर चढवली, तुरे आले पण मिरी काही धरत नाही, मग खत वाढवत बसतात. रानमिरीत बहुतेक नर-मादी वेली वेगवेगळ्या असतात, लागवडीच्या जातींत फुलं द्विलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही. तुमची नर निघाली तर शेणखताच्या कितीही पाट्या ओता, दाणा धरणार नाही, सरळ लागवडीच्या जातीचं कलम आणा.