सुट्या किल्ल्यांचं वॉलेट एचडीवर नेताना

प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी रँडम किल्ली बनवायची आणि फाइलमध्ये साठवायची, अशा जुन्या पद्धतीच्या वॉलेटचा बॅकअप घेतल्या दिवसापासून शिळा व्हायला लागतो. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरने यावर आगाऊ साठ्याचा उपाय केला होता: १०० किल्ल्या आधीच बनवून फाइलमध्ये ठेवायच्या. पण खर्च केल्यावर उरलेले पैसे, म्हणजे चेंज, दर वेळी नव्या पत्त्यावर जातात, हे बहुतेकांच्या गावी नसायचं. शंभर किल्ल्या वापरून झाल्या की जुन्या बॅकअपमध्ये नसलेल्या किल्लीवर पैसे जाऊन बसायचे. एकाच सीडमधून, म्हणजे एका मूळ गुप्त संख्येतून, किल्ल्यांचं अख्खं झाड उगवायची ही एचडी (हायरार्किकल डिटरमिनिस्टिक) रीत पीटर वुइले यांनी २०१२ मध्ये बिप ३२ म्हणून मांडली (बिप म्हणजे बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव). ती बिटकॉइन कोअरमध्ये आली २०१६ मध्ये, ०.१३ आवृत्तीत.

त्यातलं गणित थोडक्यात आटोपतं. हा बदल फसतो तो सीडमध्ये जे मावत नाही त्यापायी: पाथ (झाडातल्या किल्लीपर्यंतचा मार्ग), पासफ्रेज (शब्दांखेरीज ठेवलेला जादा परवलीचा मजकूर), कितव्या पत्त्यापर्यंत शोधायचं, आणि आधीच्या सुट्या किल्ल्या.

पाथ आधी ठरवा, कोड नंतर

एम/८४'/०'/०'/१/७ हा पाथ डावीकडून वाचा. ८४ म्हणजे बिप ८४, पत्ते बीसी१क्यू ने सुरू होणारे. पुढचं ० म्हणजे बिटकॉइन; इथे १ असेल तर टेस्टनेट (चाचणीचं नेटवर्क), ६० असेल तर इथेरियम. मग पहिलं खातं. त्यानंतरचा १ म्हणजे चेंजची फांदी (लोकांना द्यायच्या पत्त्यांची फांदी ०). शेवटी आठवा पत्ता, कारण मोजणी शून्यापासून. वर ' ही खूण असलेले तिन्ही टप्पे हार्डन्ड आहेत, म्हणजे ते बनवायला पालकाची खासगी किल्ली लागते. ४४ घेतलंत तर पत्ते १ ने सुरू होतात, ४९ ला ३ ने, ८६ ला बीसी१पी ने. नव्या वॉलेटसाठी ८४ घ्या. स्वतःचा खास पाथ शोधून काढू नका. तुमचं अ‍ॅप बंद पडलं तर वापरकर्ता सीडसाठी लिहून ठेवलेले बारा शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकणार, आणि तिथे शिल्लक शून्य दिसणार. पैसे जागेवरच असतात, पण ते त्याला कोण सांगणार?

शब्द आणि सीड

१६ बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित रँडम स्रोतातूनच घ्या. त्या १२८ बिटांना ४ बिटांची चेकसम (चूक पकडायची खूण) जोडली की १३२ बिट होतात. ११-११ बिटांचे तुकडे पाडले की २०४८ शब्दांच्या यादीतले १२ शब्द मिळतात. ३२ बाइट घेतले तर २४ शब्द. इथली हलगर्जी किती महागात पडते ते लिबबिटकॉइन एक्सप्लोररच्या ३.एक्स आवृत्त्यांनी दाखवलं. त्यांचा सीड बनवणारा आदेश साध्या मर्सेन ट्विस्टरवर (अंदाज बांधता येणाऱ्या रँडम अल्गोरिदमवर) चालत होता आणि त्याला बीज मिळत होतं फक्त ३२ बिटांचं. म्हणजे शक्यता सुमारे ४२९ कोटी. साध्या संगणकालाही त्या सगळ्या तपासता येतात. २०२३ मध्ये चोऱ्या झाल्यावर हे उघड झालं.

शब्दांपासून सीड बनतं ते पीबीकेडीएफ२ (मुद्दाम संथ केलेली किल्ली बनवायची रीत) च्या २०४८ फेऱ्यांतून, एचमॅक शा-५१२ (किल्ली घालून केलेला हॅश) वापरून. निघतात ६४ बाइट. सॉल्टमध्ये (हॅशमध्ये घालायच्या जोड-मजकुरात) पासफ्रेज मिसळलेली असते, आणि ती आधी एनएफकेडी रूपात (युनिकोडच्या सुट्या केलेल्या ठरावीक रूपात) आणावी लागते. मराठी वापरकर्त्यांसाठी खरी मेख इथे आहे. शब्दांचं हे प्रमाण, म्हणजे बिप ३९, त्यात देवनागरी शब्दयादी नाही, त्यामुळे शब्द इंग्रजीच असतात. पण पासफ्रेज कोणी मराठीत ठेवलीच, तर? 'दऱ्या' हा शब्द घ्या. एका कीबोर्डवर त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) उमटतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एनएफकेडी पहिल्याचे र आणि नुक्ता असे तुकडे करतं, पण दुसऱ्यातला जॉइनर काढत नाही. बाइट वेगळे, सीड वेगळं, वॉलेट रिकामं. १ आणि 1 हे अंकही त्याच्या लेखी वेगळेच राहतात, एक देवनागरी आणि एक रोमन असेल तर. म्हणून नवी पासफ्रेज ठेवताना फक्त साधी रोमन अक्षरं आणि अंक घ्या. वॉलेट परत उघडताना मात्र जे टाइप होईल ते स्वीकारा, नाहीतर दुसरीकडून आलेल्याला दार बंद होतं.

चुकीच्या पासफ्रेजवर 'चूक' असा संदेश कधीच येत नाही. प्रत्येक पासफ्रेजला एक वैध वॉलेट असतंच. बारा शब्दांची चेकसमसुद्धा चारच बिटांची, म्हणजे यादीतलाच एक शब्द चुकला तरी सोळांत एकदा ती खपून जाते. उपाय सोपा आहे: मास्टर किल्लीचा ४ बाइटांचा फिंगरप्रिंट वॉलेट बनवताना दाखवा, कागदावर लिहून घ्यायला सांगा, आणि परत उघडताना पुन्हा दाखवा. आठ अक्षरं जुळली की निश्चिंत.

झाड उगवताना

सीड एचमॅकमधून काढलं की पहिले ३२ बाइट मास्टर खासगी किल्ली, उरलेले ३२ चेन कोड (मुलं बनवताना मिसळायचा जादा भाग). पुढे प्रत्येक पायरीला तोच प्रकार: एचमॅकच्या डाव्या अर्ध्यात पालक किल्ली मिळवली की मूल तयार. साध्या मुलासाठी एचमॅकमध्ये पालकाची सार्वजनिक किल्ली जाते, हार्डन्डसाठी खासगी. वक्रावरचं (एलिप्टिक कर्व्हचं) गणित स्वतः लिहू नका, लिबसेकपी२५६के१ ही लायब्ररी वापरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीची शून्यं गळणं. खासगी किल्ली मोठ्या पूर्णांकात ठेवून परत बाइटमध्ये बदलली, आणि पहिला बाइट शून्य असला, तर ३२ ऐवजी ३१ बाइट निघतात. दर २५६ किल्ल्यांत साधारण एकदा हे होतं. तिथून पुढची हार्डन्ड फांदी चुकीची उगवते, पण स्वतःशी सुसंगत असते. त्यामुळे तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बॅकअप घेऊन परत उघडायची चाचणी आरामात पास होते. चूक कळते ती वापरकर्ता दुसऱ्या वॉलेटमध्ये गेल्यावर. बिप ३२ मधले तिसरे आणि चौथे चाचणी संच याचसाठी दिलेले आहेत. ते चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक्सपब सर्व्हरवर ठेवताना

खात्याच्या पातळीवरचा एक्सपब (विस्तारित सार्वजनिक किल्ली) सर्व्हरला दिला की त्याला हवे तितके पत्ते बनवता येतात, खर्च करता येत नाही. दुकानांसाठी ही फार मोठी सोय. पण एक्सपबमध्ये चेन कोडही असतो. साध्या मुलाची खासगी किल्ली म्हणजे पालकाची खासगी किल्ली अधिक एचमॅकचा डावा अर्धा, आणि तो अर्धा एक्सपबवरून कुणालाही काढता येतो. अशा एका मुलाची खासगी किल्ली मिळाली आणि वजाबाकी केली की पालक किल्ली हातात, आणि तिच्याखालचं सगळं उघडं. म्हणूनच खात्यापर्यंतचे टप्पे हार्डन्ड असतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये 'या पत्त्याची खासगी किल्ली निर्यात करा' असं बटण असेल तर माझ्या मते ते काढून टाकलेलं बरं. ठेवायचंच असेल, तर एक किल्ली दिली म्हणजे अख्खं खातं दिलं, हे तिथेच लिहा.

किती पत्त्यांपर्यंत शोधायचं याची मर्यादा बिप ४४ मध्ये २० आहे: सलग वीस पत्ते कोरे सापडले की शोध थांबतो. दुकानाने प्रत्येक बिलाला नवा पत्ता दिला आणि पंचवीस गिऱ्हाइकांनी पैसे न भरताच पाठ फिरवली, तर सव्विसाव्याचे पैसे परत उघडलेल्या वॉलेटमध्ये दिसणारच नाहीत. दिलेला शेवटचा क्रमांक डेटाबेसमध्ये नोंदवा, आणि परत उघडताना ही मर्यादा वाढवायची सोय ठेवा. तो क्रमांक वाढवणं आणि पत्ता देणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, नाहीतर एकाच क्षणी आलेल्या दोन बिलांना एकच पत्ता जाईल.

जुन्या किल्ल्यांचं काय

जुनी एखादी खासगी किल्ली हॅश करून तिचंच सीड बनवायचा मोह टाळा. ती किल्ली कुठकुठल्या बॅकअपमध्ये पडून आहे, कोण सांगणार? नवं सीड कोऱ्या एंट्रॉपीतूनच (नव्या रँडम बिटांतूनच) हवं. क्रम असा ठेवा:

१. जुन्या फाइलचा ताजा बॅकअप घ्या.
२. नवं सीड बनवा, शब्द दाखवा आणि त्यातले तीन-चार उलटसुलट क्रमाने विचारून खात्री करा. तोवर नवा पत्ता देऊ नका.
३. यापुढचे सगळे पत्ते आणि सगळं चेंज नव्या झाडातून द्या. चेंज जुन्याकडेच जात राहिलं तर बदल अर्धवट राहतो.
४. जुन्या पत्त्यांवर नजर ठेवत राहा, आणि त्या किल्ल्या कधीही पुसू नका. साठ्यातल्या 'न वापरलेल्या' किल्ल्याही नाहीत. त्यातला पत्ता कोणीतरी दोन वर्षांपूर्वी कुणाला कळवून ठेवलेला असतो.

जुनी शिल्लक नव्या झाडात हलवायची सक्ती करू नका. १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरच्या एका इनपुटला सुमारे १४८ बाइट लागतात. अशा ४० इनपुटांना, बाइटमागे १० सातोशी (बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक) दराने, इनपुटांचेच ५९,००० च्या वर सातोशी जातात. शिवाय सगळे पत्ते एका व्यवहारात आले की ते एकाच मालकाचे, हे साखळीवर कायमचं नोंदलं जातं. फी कमी असताना, थोडं थोडं हलवायचा पर्याय द्या. आणि तोवर शिल्लक दोन ओळींत दाखवा: 'बारा शब्दांत सुरक्षित' आणि 'जुन्या फाइलमध्ये, शब्दांत नाही'. नुसती एकत्र बेरीज दाखवली तर माणूस शब्द कागदावर लिहितो, जुना लॅपटॉप भंगारात देतो आणि अडकतो.

कागदावर काय छापायचं

शब्दांसोबत फिंगरप्रिंट, पाथ, पासफ्रेज आहे की नाही (पासफ्रेज स्वतः नव्हे), आणि वॉलेट ज्या ब्लॉकच्या सुमारास सुरू झालं त्याचा क्रमांक. शोध तिथूनच सुरू करता येतो. आउटपुट डिस्क्रिप्टर देता आला तर उत्तमच, त्यात पत्त्याचा प्रकार, पाथ आणि एक्सपब एकाच ओळीत येतात. तीनपैकी दोन सह्यांच्या मल्टिसिगमध्ये तर त्याला पर्यायच नाही. खर्चासाठी दोन सीड पुरतात, पण स्क्रिप्ट बांधायला तिन्ही सार्वजनिक किल्ल्या लागतात. तिसरं सीड हरवलं आणि त्याचा एक्सपबही कुठे लिहिलेला नसला, तर हातातली दोन सीड निरुपयोगी.

शेवटची चाचणी टेस्टनेटवर, खऱ्या फोनवर करा. पंचवीस पत्ते काढा, पहिल्या आणि शेवटच्यावर पैसे मागवा, एकदा थोडे खर्च करून चेंज येऊ द्या. अ‍ॅप काढून टाका. मग फक्त त्या कागदावरून, शोधाची मर्यादा वाढवून, वॉलेट परत उघडा, एकदा तुमच्या अ‍ॅपमध्ये आणि एकदा स्पॅरो या दुसऱ्या वॉलेटमध्ये. दोन्हीकडे शिल्लक, चेंजसकट, सातोशीपर्यंत जुळली की आवृत्ती बाहेर काढा.