इंग्लंडमध्ये नातेवाइकाची कबर शोधताय? या चुका टाळा

मृत्यूचा दाखला मागवला की कबर सापडलीच, असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूंची सरकारी नोंद होते, पण दफन कुठे झालं हे त्या दाखल्यावर नसतंच. मृत्यू कुठे झाला, कशाने झाला, राहता पत्ता काय आणि खबर कोणी दिली, एवढंच त्यात कळतं.

यातला राहता पत्ता कामाचा. बरेच जण मृत्यूच्या ठिकाणापासून शोध सुरू करतात आणि तिथेच फसतात. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले, पण त्यांची समाधी इंग्लंडमध्ये, ब्रुकवुड दफनभूमीच्या पारशी विभागात आहे. साध्या माणसांचंही तसंच. इस्पितळ शहराच्या एका टोकाला आणि कबर घराजवळ. म्हणून आधी पत्त्याच्या भागातल्या पालिकेच्या दफनभूमी कार्यालयाला विचारा. तिथली नोंदवही स्वतः जाऊन पाहायला पैसे पडत नाहीत, कर्मचाऱ्यांकडून शोध करून घेतला तर बहुतेक ठिकाणी शुल्क असतं. तारीख एकच देऊ नका, मृत्यूनंतरचे दोन-तीन आठवडे धरून शोधा. आपल्या आडनावांचं स्पेलिंग कारकुनाने कानाला येईल तसं केलेलं असतं आणि कधी वडिलांचं नावच आडनाव म्हणून चढलेलं असतं. नाव मिळालंच नाही तर दहनाची नोंद पाहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे दफनापेक्षा दहनच जास्त.

तान्ह्या बाळांचा शोध वेगळा आणि अवघड. हिंदू घरांतही तान्ह्या बाळाला पुरण्याची रीत असल्याने हा प्रश्न आपल्याकडच्या कुटुंबांनाही येतो. १९८० च्या दशकापर्यंत मृत जन्मलेल्या बाळांचं दफन बहुधा इस्पितळच परस्पर उरकत असे, आणि आईबापांना जागा सांगितली जातेच असं नव्हतं. अशी बाळं अनेकदा एकाच सामायिक कबरीत आहेत. नोंदवहीत बाळाचं नाव नसतं, ‘अमुकचं मृत जन्मलेलं बाळ’ एवढीच ओळ असते. तेव्हा शोधायचं ते आईच्या किंवा वडिलांच्या आडनावाने, आणि मृत जन्मांची वही वेगळी आहे का, हेही विचारायचं. या कामात ‘सँड्स’ ही संस्था मदत करते. दगड नाही म्हणजे कबर नाही, असं मात्र समजू नका. सामायिक कबरींवर घरच्यांना दगड बसवण्याचा हक्कच नसतो.

आता मालकीचं, भांडणं होतात ती इथेच. ‘आजोबांनी कबर विकत घेतली होती’ म्हणजे जमीन घेतली नव्हती. जमीन पालिकेचीच. घेतला तो तिथे दफन करण्याचा हक्क, तोही बहुधा ठरावीक वर्षांचा. पालिकांच्या दफनभूमींबाबतच्या १९७७ च्या सरकारी आदेशानुसार पालिकेला एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी तो देता येतो, काही ठिकाणी ५० किंवा ७५. मुदत संपली की नूतनीकरण केल्याशिवाय नवं दफन नाही. चर्चच्या अंगणातल्या कबरीला तर असला पालिकेचा कागद नसतोच, तिथे चर्चचे नियम.

थोरला मुलगा आपोआप या हक्काचा मालक होत नाही. अंत्यविधीचा खर्च ज्याने केला तोही नाही, आणि कागद ज्याच्या कपाटात आहे तोही नाही. पालिकेच्या वहीत ज्याचं नाव तोच मालक, त्यामुळे कागद हरवला म्हणून हक्क जात नाही. मालक वारला असेल तर त्याला स्वतःच्या कबरीत जागा मिळते. पण पुढे त्याच दगडावर त्याचं नाव कोरायलाही नव्या मालकाची सही लागते. हक्काचं ते हस्तांतर मृत्युपत्राच्या प्रोबेटवर (मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्यावर) होतं, प्रोबेट नसेल तर वकिलापुढे केलेल्या वैधानिक प्रतिज्ञापत्रावर, आणि सगळ्या समान वारसांची संमती घ्यावी लागते. मधली पिढी कागद न करता गेली असेल तर पायरी पायरीने मागून यावं लागतं. हे घरात कुणी गेल्यावर त्या आठवड्यात करायला निघालात तर अंत्यविधी अडतो, म्हणून मालकाचं नाव आत्ताच बदलून घ्या.

अस्थींचा कलश त्या कबरीत पुरायलाही मालकाची परवानगी हवी, आणि पुरलेला बाहेर काढायचा तर न्याय मंत्रालयाचा परवाना किंवा चर्चच्या पवित्र केलेल्या जमिनीसाठी त्यांची वेगळी मंजुरी. ‘आमचाच कलश’ म्हणून कुदळ घेऊन जाऊ नका, तो गुन्हा ठरतो.