भिंतीलगतचे भोवरे आणि हीट ट्रान्सफर: पहिला सेल किती जाड ठेवायचा

प्रवाह टर्ब्युलन्ट (खळबळीचा) झाला की भिंतीलगत लांबट भोवरे तयार होतात, प्रवाहाच्या दिशेने लोळत जाणारे. भिंत गरम असेल तर भोवऱ्याची एक बाजू मधलं गार पाणी भिंतीवर आणून आपटते, दुसरी तापलेलं पाणी उचलून आत नेते. या देवाणघेवाणीचा परिणाम सिम्युलेशनमध्ये नीट उतरणार की नाही, हे बरंचसं मेशवर, म्हणजे प्रवाहाची जागा ज्या छोट्या सेलमध्ये (चौकटींत) विभागतो त्या जाळीवर, ठरतं.

आधी कागदावर हिशोब करा. समजा, पाइपचा आतला व्यास २० मिमी, २० अंशांचं पाणी, सरासरी वेग २ मी/से. रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले व्यास भागिले किनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे घनतेने भागलेली चिकटता) ४०,००० येतो. ब्लासियसच्या सूत्राने, म्हणजे ०.३१६ भागिले रेनॉल्ड्सचा पाव घात, घर्षण गुणांक ०.०२२ च्या आसपास. त्याला ८ ने भागून वर्गमूळ घ्या, वेगाने गुणा: घर्षण-वेग ०.१०६ मी/से. किनेमॅटिक व्हिस्कॉसिटीला याने भागलं की भिंतीचं एकक मिळतं, साधारण ९.५ मायक्रॉन. भिंतीपासूनचं अंतर या एककांत मोजलं की त्याला वाय-प्लस म्हणतात; वाय-प्लस १ म्हणजे एवढं अंतर.

आता भोवरे केवढे ते बघा. त्यांचे मध्य वाय-प्लस २० च्या आसपास, म्हणजे भिंतीपासून जेमतेम ०.२ मिमीवर. त्यांच्यामुळे पडणाऱ्या मंद वेगाच्या पट्ट्या (स्टॅनफर्डमध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी दाखवल्या त्याच) एकमेकींपासून सुमारे १०० एककांवर, इथे जवळपास १ मिमीवर असतात. एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारं सिम्युलेशन) करणार असाल तर आडव्या दिशेला सेल १५ ते २० एककांचा हवा, प्रवाहाच्या दिशेला ५० पर्यंत चालतो. आडवा सेल १०० एककांचा ठेवलात तर अख्खी पट्टी एका सेलमध्ये गडप होते.

के-ओमेगा एसएसटी (सरासरी प्रवाहाचं टर्ब्युलन्स मॉडेल) वापरत असाल तर भोवरे दिसणारच नाहीत, त्यांचा फक्त सरासरी परिणाम मॉडेल होतो. तरी भिंतीजवळचा थर बारीकच लागतो, आणि नेमकी इथेच चूक होते. दाबातली घट बरोबर आली म्हणून मेश पास केला जातो. पण पाण्याचा प्रांटल नंबर (किनेमॅटिक व्हिस्कॉसिटी आणि उष्णता पसरण्याचा वेग यांचं गुणोत्तर) ७ आहे, त्यामुळे तापमानाचा पातळ थर वेगाच्या थराच्या निम्म्यावर येतो: ४७ ऐवजी २५ मायक्रॉन. म्हणून पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस ०.५ वर ठेवा, म्हणजे सेलची उंची १० मायक्रॉन. वाढीचं प्रमाण १.१५ आणि २५ थर घेतले की २.१ मिमी भरतात. हवेला इतकी कडक अट नको, १ पुरे.

वॉल फंक्शन (भिंतीजवळचा थर न सोडवता सूत्राने भरून काढणं) घ्यायचं तर पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस ३० च्या पुढे न्या. ५ ते ३० मध्ये अडकलेला मेश सगळ्यात वाईट, तिथे भिंतीलगतचं सरळ रेषेचं आणि त्यापुढचं लॉगरिदमचं, यांपैकी कुठलंच सूत्र धड लागू पडत नाही. आणि पायरी किंवा रिब असेल तर साधं वॉल फंक्शन टाळाच. पायरीमागे प्रवाह साधारण ६-७ पायरी-उंचींवर पुन्हा भिंतीला चिकटतो. तिथे घर्षण शून्य होतं, पण हीट ट्रान्सफर त्याच्या जवळपासच सर्वाधिक असते. घर्षणावरून उष्णता काढणारं सूत्र तिथे नेमकं उलटं उत्तर देतं.

सरळ पाइपचं उत्तर ताडून बघायला नुसेल्ट नंबर (हीट ट्रान्सफर किती जोरात होते याचा आकडा) काढा: वरच्या आकड्यांना डिटस-बोल्टरचं सूत्र सुमारे २४० देतं, ग्निएलिन्स्कीचं २७०. दोघांत एवढा फरक असतोच, विश्वास ग्निएलिन्स्कीवर जास्त ठेवा. तुमचा आकडा १८० आला तर मॉडेल बदलण्याआधी पहिला सेल मोजा.