थर्माकोलचं यू-टू करायचंय? मग पंख मापातच कापा

थर्माकोलचं विमान म्हटलं की पोरं राफेल नाहीतर सुखोई करत बसतात, दिसायला भारी पण हातातनं सोडलं की चार पावलांवर नाक खुपसतंय. भावांनो, उडवायचंच असेल तर यू-टू करा. अमेरिकेचं हे हेरविमान म्हणजे जवळजवळ इंजिन बसवलेलं ग्लायडरच, १९५५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढं कितीतरी वर्षं रिटायर व्हायचं नाव घेत नव्हतं.

आधी माप. सुरुवातीचं यू-टू पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ८० फूट आणि लांबी ५० फुटांच्या आसपास, म्हणजे ४० पट लहान केलं तर पंख ६१ सेंटीमीटर, बॉडी ३८. पंखाची रुंदी बॉडीजवळ ८ आणि टोकाला साडेतीन, पुढनं मागनं दोन्हीकडनं सारखंच निमुळतं. ट्रेसिंग करताना "लय लांब दिसतंय" म्हणून कोणीतरी पंख कापायला सांगणारच, ऐकू नका. लॉकहीड या विमान कंपनीच्या इंजिनियर केली जॉन्सननं सगळा जुगार त्या लांब अरुंद पंखावरच खेळला होता, कारण ७० हजार फुटांवर हवा इतकी विरळ की जाडजूड आखूड पंखाला तिथं टिकणं अवघड.

सामान कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत फिरलात की मिळून जातंय: ५ मिलिमीटरची थर्माकोल शीट, पतंगाच्या कामट्या, फेविकॉल, सेलोटेप, रबरबँड, क्ले (खेळण्यातली चिकणमाती). फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतंय. पंखाच्या खालनं पूर्ण लांबीची कामटी चिकटवा, वर टेप मारा. दोन्ही टोकं दोन-दोन सेंटीमीटर वर उचललेली ठेवा. खऱ्या यू-टूचे पंख इंधन भरल्यावर उलट खाली लोंबतात, म्हणून टेकऑफला त्यांच्याखाली पोगो नावाची टेकूची चाकं लावतात आणि विमान उचललं की ती गळून पडतात. विमानाची स्वतःची चाकं एकामागं एक, सायकलसारखी. वजन वाचवायला काय काय केलंय बघा, शेपटी तर नुसत्या ३ बोल्टवर! आपण शेपटी रबरबँडनंच बांधायची, आपटलं तर मोडण्याऐवजी सुटून येतंय. आडवी शेपटी १७ सेंटीमीटर रुंद, उभी ७ उंच.

आता खरा विषय, बॅलन्स. पंखाच्या पुढच्या कडेपासून बॉडीजवळ अडीच सेंटीमीटर मागं दोन्ही बाजूंना खूण करा, तिथं बोटांवर तोला आणि सपाट राहीपर्यंत नाकात क्ले भरत जा. मग तपोवन मैदानात सकाळी सकाळी, वारं नसताना, समोर सरळ हळूच सोडा, वर फेकू नका. रंकाळ्यावर नको, वारं आणि पाणी दोन्ही. नाक वर जाऊन गचकन खाली आलं म्हणजे स्टॉल (स्पीड कमी पडून पंखांची उचल संपली), क्ले वाढवा. सरळ खाली घुसलं तर थोडा क्ले काढा. आपल्याला एवढंच सांभाळायचंय, पण खऱ्या पायलटला उंचीवर स्पीड थोडा कमी झाला तर स्टॉल आणि थोडा वाढला तर विमान थरथरून मोडायची भीती, आणि दोन्हीमध्ये फरक जेमतेम १० नॉट (ताशी साधारण १८ किलोमीटर). असं तासन् तास, अंगात प्रेशर सूट घालून.

तरीपण उंची कायमची ढाल नव्हतीच. १ मे १९६० ला अमेरिकी पायलट गॅरी पॉवर्सचं यू-टू सोव्हिएत क्षेपणास्त्रानं स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलं, ते उडालं होतं पेशावरहून. आणि आपल्याकडं? ६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास नेहरूंनी यू-टूला परवानगी दिली आणि मे १९६४ मध्ये ओडिशातल्या चारबतियाहून एक यू-टू उडालं, ही कागदपत्रं २०१३ ला उघड झाली.

लँडिंगला तुमचं मॉडेल जमिनीजवळ तरंगत राहिलं, बसायलाच तयार नसलं तर घाबरू नका, मापं बरोबर आहेत. खऱ्याचंही तसंच असतंय, मागनं गाडी पळवत दुसरा यू-टू पायलट रेडिओवर उरलेली उंची सांगतो, आणि जमीन एक-दोन फुटांवर आली की विमान स्टॉल करून बसवतात. पंख टेकला तर घासायला टोकाला स्किड असतात, आपल्याला टोकांवर टेपची आणखी एक पट्टी पुरते.